रिकामी पिकअप का उडते?

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटो खाली करून निघालेल्या पिकअपच्या मागे थोडा वेळ दुचाकी चालवली, की एक गोष्ट नजरेत भरते. भरून येताना हीच गाडी गतिरोधकावरून दबून, सावकाश जाते. रिकामी झाली की त्याच गतिरोधकावर तिचं मागचं टोक टणकन उडतं, चाकं क्षणभर रस्ता सोडतात आणि हौद्यातले रिकामे क्रेट एकमेकांवर आदळतात. ड्रायव्हर तोच, रस्ता तोच. बदललंय ते फक्त मागचं वजन. सातशे हॉर्सपॉवरची पिकअप बनवायला बसलेल्या इंजिनिअरांपुढची पहिली अडचण हीच असते. इंजिनाचा विचार त्यानंतर.

वीस किलोचे पंचाहत्तर क्रेट म्हणजे दीड टन. मोटारीत पाच माणसं आणि सामान मिळून चारशे किलो होतात, आणि तेही पुढच्या-मागच्या चाकांत वाटले जातात. पिकअपचा बहुतेक माल मागच्या अ‍ॅक्सलवरच, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसावरच, बसतो. त्यामुळे मागच्या स्प्रिंगवरचा भार रिकाम्या गाडीच्या चौपट होऊ शकतो. एकाच स्प्रिंगनं दोन्ही भार सांभाळायचे असतात.

गाडीखाली वाकून बघा. अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांची चवड दिसेल. हीच ती स्प्रिंग. सगळ्यात वरचा पाटा लांब आणि कमानदार, दोन्ही टोकांना चॅसीत अडकवलेला. त्याखाली आखूड होत गेलेले पाटे आणि सगळे यू-बोल्टनं अ‍ॅक्सलवर आवळलेले. बऱ्याच गाड्यांत तळाशी एक-दोन जाड, जवळजवळ सपाट पाटे असतात. रिकाम्या गाडीत त्यांच्या टोकांपाशी बोटभर फट दिसते. माल चढला की वरची कमान दबते, फट मिटते आणि हे हेल्पर पाटे कामाला लागतात. मग स्प्रिंग एकदम ताठ होते. स्वस्त, दणकट आणि खेड्यातल्या लोहारालाही दुरुस्त करता येईल अशी ही रचना घोडागाड्यांच्या काळापासून टिकली, ती उगाच नाही. पण हे पाटे एकमेकांवर घासतात. खड्डा मोठा असला तर घर्षण सुटून ते हलतात. बारीक खडीवर मात्र ते चिकटून राहतात आणि प्रत्येक हादरा सरळ हौद्यात पोचतो.

आता थोडं गणित. स्प्रिंगवरचं वजन सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, हे स्प्रिंगच्या ताठरपणाला वजनानं भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळावर ठरतं. वजन चौपट झालं की आंदोलनं निम्मी होतात. हेल्पर पाटे बाजूला ठेवले, तर भरलेल्या गाडीचं मागचं टोक सेकंदाला सव्वा वेळा डोलत असेल, तर रिकाम्या गाडीचं अडीच वेळा डोलेल. मोटारीचे इंजिनिअर हा आकडा एक ते दीडच्या आसपास ठेवतात, कारण माणसाला तेवढंच सोसवतं. त्यातच मागचा अख्खा अ‍ॅक्सल, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल आणि दोन्ही चाकं मिळून शंभर किलोच्या वर वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं. वर रिकामा हौदा आणि खाली हा जड अ‍ॅक्सल असला, की चाक वर जाताना हौद्यालाही सोबत नेतं.

हवेत असलेलं चाक गाडी ढकलू शकत नाही, वळवू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. रिकाम्या पिकअपचं ५५ ते ६० टक्के वजन पुढे असतं, त्यामुळे जोरात ब्रेक मारला की मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी व्हायची भीती. म्हणून बऱ्याच पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत छोटी दांडी जोडलेली असते. हौदा किती दबलाय हे त्या दांडीवरून ओळखून व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करतो. एका दांडीवर भागवलेलं हे काम मला फार आवडतं.

वेगवान पिकअप बनवणाऱ्यांनी या अडचणीतून पहिली वाट काढली ती माल सोडून देण्याची. १९९१ साली अमेरिकेत आलेली जीएमसी सायक्लोन ही ४.३ लिटरचं टर्बो इंजिन आणि २८० हॉर्सपॉवरची छोटी पिकअप होती. ताकद चारही चाकांना दिल्यामुळे हलक्या मागच्या टोकाचा प्रश्न बराचसा सुटला. एका अमेरिकन वाहन मासिकानं तिची फेरारी ३४८ शी पाव मैलाची शर्यत लावली, तेव्हा पिकअप पुढे गेली. किंमत मात्र हौद्यानं मोजली. कंपनीनं ठरवून दिलेला माल होता ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. आपल्या हिशेबात टोमॅटोचे अकरा क्रेट.

दुसरं टोक म्हणजे डॉज रॅम एसआरटी-१०. व्हायपर या स्पोर्ट्स कारचं ८.३ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, ५०० हॉर्सपॉवर. फेब्रुवारी २००४ मध्ये तिनं ताशी १५४.५८७ मैलांचा, म्हणजे जवळपास २४९ किलोमीटरचा, पिकअपसाठीचा विश्वविक्रम केला. गुळगुळीत रस्त्यावर. आता हा आकडा २०२१ च्या रॅम टीआरएक्सशेजारी ठेवा. तिची ताकद ७०२ हॉर्सपॉवर, म्हणजे दोनशेनं जास्त. तरी कंपनीनं तिचा वेग ताशी ११८ मैलांवर, १९० किलोमीटरवर, रोखला. कारण तिचे जाड खाचांचे, ३५ इंच उंचीचे, कच्च्या वाटेचे टायर. अशा टायरची रबराची ठोकळी रस्त्यावर टेकताना दबते आणि सुटताना फुगते, आणि दर फेऱ्याला तापत जाते. वेग वाढला की ही उष्णता बाहेर पडण्याआधी साठते. तेव्हा इंजिनात दम असूनही शेवटचा शब्द टायरचाच.

पण टीआरएक्स आणि तिच्या आधीची फोर्ड रॅप्टर यांची खरी कमाल वेगळीच आहे. खडबडीत वाळवंटात, जिथे आपली पिकअप ताशी तीसनं जाईल, तिथे त्या शंभरच्या पुढे जातात. पहिली रॅप्टर २०१० च्या मॉडेल वर्षात आली. तिच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला १२.१ इंच मोकळीक होती. २०१७ साली ती १३.९ इंच झाली आणि २०२१ मध्ये १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर. डकार रॅली या वाळवंटी शर्यतीत टोयोटा हायलक्स ही पिकअप ज्या वर्गात पळते, त्याच्या २०२२ पासूनच्या नियमांत ही मोकळीक ३५ सेंटिमीटर आहे. शोरूममध्ये मिळणारी गाडी रॅलीच्या गाडीच्या तोडीला आली ती या बाबतीत. विशेष म्हणजे पहिल्या दोन पिढ्यांत रॅप्टरच्या मागे पाटेच होते. २०२१ मध्ये ते काढून लांब कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल जागेवर धरणारे पाच दांडे आले.

एवढी हालचाल आवरतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आपल्या गॅरेजातला शॉकअप. त्याचं काम झटका झेलण्याचं आहे असं आपण समजतो, पण झटका झेलते ती स्प्रिंग. झेलून ती तो परत फेकते. शॉकअप ती फेक मारतो आणि तिची उष्णता करतो. नळीत तेल, तेलात बारीक छिद्रांचा पिस्टन. पिस्टन हलला की तेल छिद्रांतून घुसमटत जातं आणि तापतं.

किती तापतं? पावणेतीन टनांची पिकअप एक मीटर उंचीवरून खाली आली, तर सुमारे २७ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. अर्ध्या सेकंदात ती जिरवायची तर तेवढ्या वेळापुरतं सत्तर हॉर्सपॉवरचं काम झालं. बोलेरो पिकअपचं इंजिन जेमतेम तेवढं देतं! ही ऊर्जा चार शॉकअपमध्ये सारखी वाटली आणि प्रत्येकात लिटरभर तेल धरलं, तर एका उडीनं तेल चारेक अंशांनी तापतं. एक उडी काहीच नाही. पण खडबडीत वाटेवर दर मिनिटाला शेकडो लहान-मोठे दणके बसतात. तेल तापून पातळ होतं, छिद्रांतून सहज जायला लागतं आणि गाडी डोलू लागते. त्याहून वाईट म्हणजे पिस्टनच्या मागे दाब घसरून तेलात बुडबुडे होतात. फेसाळलेलं तेल अडवू शकत नाही. सायकलच्या पंपात वॉशर सैल झाल्यावर दट्ट्या जसा फुकट हलतो, तसा तो पिस्टन हलतो.

यावर उपाय तिन्ही बाजूंनी केले गेले. तेलावर नायट्रोजनचा मोठा दाब दिला, म्हणजे बुडबुडे होतच नाहीत. शेजारी जादा तेलाची वेगळी कुपी जोडली, म्हणजे तापायला जास्त तेल आणि थंड व्हायला जास्त पत्रा मिळतो. आणि नळीचा व्यास वाढवला: रॅप्टरमध्ये अडीच इंचांवरून तीन इंच. पण मला सगळ्यात सुंदर वाटते ती नळीत नळी बसवण्याची युक्ती. आतल्या नळीला मधल्या भागात बाजूला भोकं असतात. चाक थोडंच हलतं तेव्हा तेल पिस्टनमधून न जाता या भोकांतून वळसा घालून जातं, आणि शॉकअप मऊ वागतो. चाक टोकापर्यंत जायला लागलं की पिस्टन भोकांच्या पलीकडे पोचतो, वळशाची वाट बंद होते आणि सगळं तेल पिस्टनच्या व्हॉल्व्हमधूनच जातं. शॉकअप कडक होतो. सेन्सर नाही, वायर नाही, नुसती भोकांची जागा. आताच्या गाड्यांत याच्या जोडीला सेकंदाला शेकडो वेळा व्हॉल्व्ह बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आहे.

यातलं नाशिकला परकं काय आहे? सातपूरला सिएटचे टायर बनतात. मायको सर्कल ज्या कारखान्याच्या नावानं ओळखलं जातं, त्या आताच्या बॉशमध्ये डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. गॅब्रियलचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर इथले, महिंद्राच्या गाड्यांची जुळणी इथली. आणि ज्या मालाला या ज्ञानाची सगळ्यात जास्त गरज आहे, तो दिंडोरी-निफाडच्या बागांत लटकतो.

द्राक्षाचा घड हादऱ्यानं खराब होतो. मणी देठापाशी सैल होतात, एकमेकांवर घासतात, वरचा पांढरा लेप जातो. फळांच्या वाहतुकीत कंपन सगळ्यात जास्त असतं ते मागच्या अ‍ॅक्सलच्या वर आणि थप्पीच्या वरच्या क्रेटमध्ये. बागेतून पॅकहाऊसपर्यंतचे काही किलोमीटर पाणंदीचे असतात, आणि तिथे द्राक्षं पिकअपमध्येच जातात. घड दाबून भरता येत नाहीत, थप्पी उंच लावता येत नाही, म्हणून गाडीत वजन भरतच नाही. म्हणजे सहाशे-सातशे किलोचा नाजूक माल दीड टनासाठी बसवलेल्या पाट्यांवरून जातो. त्यातच उन्हाळ कांद्याच्या दिवसांत जास्त माल भरता यावा म्हणून मालकानं पाटे वाढवून घेतलेले असतात. त्यानं गाडी बसत नाही हे खरं. पण शॉकअप जुनाच राहतो. ताठ स्प्रिंगची फेक मारायला तो कमी पडतो, आणि द्राक्षाच्या फेरीला हौदा नाचतो.

यासाठी सातशे हॉर्सपॉवर लागत नाहीत. टोकाकडे निमुळते होत गेलेले, एकमेकांवर न घासणारे पॅराबोलिक पाटे, नायट्रोजनचा दाब असलेले शॉकअप, किंवा भार पाहून फुगवता येणारे हवेचे फुगे, हे सगळं आज बाजारात मिळतं. ते घ्यायचं नसेल, तरी हंगामाआधी दोन कामं करता येतात. शॉकअपच्या नळीवर बोट फिरवून बघावं. तेलकट धूळ लागली तर सील गेलेलं आहे, तो बदलावा. आणि मागच्या टायरची हवा भारानुसार ठेवावी. बहुतेक गाड्यांवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दोन वेगळे आकडे लिहिलेले असतात. कांद्याची हवा ठेवून द्राक्षं नेली, तर पाण्यासारख्या पैशानं उभी केलेली बाग शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये मणी गाळते.