फोनो कार्ट्रिज व अ‍ॅम्प्लिफायर यांची जुळणी

फोनो कार्ट्रिज व अ‍ॅम्प्लिफायर यांची जुळणी : टर्नटेबलच्या (रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्राच्या) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघणारा अतिक्षीण विद्युत संदेश फोनो अ‍ॅम्प्लिफायरला योग्य पातळीवर आणि योग्य भारासह (कार्ट्रिजला पुढे दिसणाऱ्या रोध व कपॅसिटन्ससह) मिळावा, यासाठी केलेली योजना. जुळणी म्हटली की आवाज पुरेसा मोठा येतो का, एवढेच बहुतेक जण पाहतात. आवाजाचा पोत बिघडतो तो मात्र बहुधा भार चुकल्यामुळे.

मूव्हिंग मॅग्नेट (एमएम) कार्ट्रिजमध्ये सुईच्या दांडीबरोबर चुंबक हलतो आणि वेटोळी स्थिर असतात. मूव्हिंग कॉइल (एमसी) प्रकारात वेटोळीच हलतात. ती हलकी ठेवायची तर तारेचे फेरे थोडेच घेता येतात, म्हणून व्होल्टेज कमी मिळते. ऑर्टोफोनचे २एम रेड ५.५ मिलिव्होल्ट देते, तर जपानच्या एनएचके प्रसारणसंस्थेसाठी घडवलेले डेनॉनचे डीएल-१०३ अवघे ०.३ मिलिव्होल्ट. त्यामुळे एमएमला साधारण ४० डेसिबल, म्हणजे १०० पट, आणि एमसीला ६० डेसिबल, म्हणजे १००० पट वर्धन लागते. एमएम कार्ट्रिज एमसी इनपुटला जोडले, तर जोरकस जागी आवाज फाटतो.

नुसते वर्धन पुरत नाही. एलपी कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए (अमेरिकेतील रेकॉर्ड उद्योगाची संघटना) वक्रानुसार फोनो अ‍ॅम्प्लिफायर याच्या नेमके उलट करतो : १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ, २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढीच घट. टर्नटेबलची वायर थेट ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) खोचली की आवाज बारीक, किरकिरा आणि बिनखर्जाचा येतो, तो यामुळेच.

आता भार. एमएमसाठी ४७ किलोओहम हा रोध सर्वत्र ठरलेला आहे, पण कपॅसिटन्स (विद्युतधारकता) ठरलेला नाही. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) तार, जोडणीची केबल आणि अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट या तिघांची बेरीज कार्ट्रिजला दिसते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजसाठी १०० ते २०० पिकोफॅरॅड सांगितलेले आहेत. त्याचे इंडक्टन्स (वेटोळ्यांचे प्रवर्तकत्व) ५५० मिलिहेन्री. २०० पिकोफॅरॅडबरोबर विद्युत अनुनाद (जेथे संदेश उसळी घेतो ती जागा) सुमारे १५ किलोहर्ट्झला पडतो. लांब केबल वापरून बेरीज ४०० वर नेली, तर तो जवळपास ११ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरतो. मग झांजा, तंबोऱ्याची जवारी, गायिकेचे ‘स’कार टोचू लागतात आणि दोष मात्र सुईला दिला जातो. नवी सुई घेण्याआधी केबल आखूड करून पाहावी.

एमसीचे इंडक्टन्स नगण्य असल्याने तेथे कपॅसिटन्सची फारशी फिकीर नसते, रोध महत्त्वाचा. कार्ट्रिजच्या अंतर्गत रोधाच्या निदान काही पट, शक्यतो दहापट भार द्यावा, असा प्रघात आहे. एमसीचे व्होल्टेज एमएम इनपुटपुरते वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर वापरताना हा हिशेब नीट करावा लागतो, कारण व्होल्टेज फेऱ्यांच्या पटीत वाढते, पण ४७ किलोओहमचा भार त्या पटीच्या वर्गाने भागला जातो. डीएल-१०३ चा अंतर्गत रोध ४० ओहम. १:१० ट्रान्सफॉर्मर लावल्यास त्याला ४७० ओहम दिसतात आणि पुढे सुमारे २.८ मिलिव्होल्ट पोहोचतात. १:३० लावला तर भार ५२ ओहमवर घसरतो आणि मिळतात जेमतेम ५.१ मिलिव्होल्ट. फेऱ्यांचे प्रमाण तिप्पट करूनही संदेश दुप्पटही झाला नाही. अशा कार्ट्रिजला १:१० हीच शहाणी निवड.

स्वस्त पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरमधील सिरॅमिक कार्ट्रिजची गोष्ट वेगळी. ते शेकडो मिलिव्होल्ट देते, त्याला सुमारे १ मेगाओहमचा भार लागतो आणि ते साध्या इनपुटवर चालते.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बहुतेक रेकॉर्ड आरआयएएपूर्वीच्या. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या एलपीच्या सुईने आणि आजच्या फोनो इनपुटवर वाजवल्या, तर बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासून खरखर वाढवते आणि आरआयएए वक्र वरचे स्वर नको तितके कापतो. त्यांना सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी आणि इक्वलायझेशन, म्हणजे हा वक्र, बदलता येणारा फोनो अ‍ॅम्प्लिफायरही.