‘पझेसिव्ह’: मालकीच्या भावनेची जुनी पार्श्वभूमी

‘तो माझ्या बाबतीत फार पझेसिव्ह आहे,’ हे वाक्य मुली बरेचदा कौतुकाने बोलतात. सोप्या भाषेत सांगायचं तर पझेसिव्ह म्हणजे जवळच्या माणसावर आपली मालकी आहे असं धरून वागणारा. कोणाशी बोलतेस, ऑनलाइन असून उत्तर का नाही, हा ड्रेस कशाला घातलास, फोनचा पासवर्ड दे. काळजी करणारा माणूस ‘पोचलीस का?’ विचारतो आणि आपल्या कामाला लागतो. पझेसिव्ह माणसाला प्रत्येक गोष्टीचा हिशोब हवा असतो आणि तो मागणं हा आपला हक्कच आहे असं त्याला मनापासून वाटतं. बायकाही पझेसिव्ह असतात, आईवडीलही असतात. पण नवऱ्याच्या या हक्कामागे आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत कायदा उभा होता, म्हणून त्याचा इतिहास वेगळा सांगावा लागतो.

जुन्या पिढीतल्या बायका नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे मालक’, ‘धनी’ असाच करत. हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, हे रखमाबाईंच्या खटल्यात उघड झालं. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न त्या 11 वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकत राहिल्या. 1884 मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला: माझी बायको माझ्या ताब्यात द्या.

1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. नकळत्या वयात लग्न झालेल्या तरुणीला इच्छेविरुद्ध एका पुरुषाकडे पाठवणं रानटीपणाचं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. बायकोला नांदायला आणण्याचा असा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाही, तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आला आहे. तरीही पिन्हींच्या निकालावर ‘केसरी’सह अनेकांनी धर्म बुडाल्यासारखी टीका केली. बायकोवरचा हक्क परक्या कायद्याने दिलेला असला तरी तो सोडायची तयारी नव्हती.

अपिलानंतर खटला पुन्हा चालला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये तडजोड झाली, दादाजींनी 2000 रुपये घेऊन हक्क सोडला. माणसावरच्या हक्काची अशी रुपयांत किंमत ठरलेली वाचताना आजही अंगावर काटा येतो. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

हुकूम न पाळणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद 1923 मध्ये गेली. दावा मात्र राहिला. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 9 मध्ये तो आजही आहे. आता तो नवरा-बायको दोघांनाही लावता येतो, पण नांदायला लावण्याची कल्पना तीच.

दुसरा धागा 1860 च्या भारतीय दंड संहितेतला. कलम 497 नुसार दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. नवऱ्याची संमती असेल तर मात्र गुन्हाच नाही. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली तक्रार करता येत नसे. गुन्हा कोणाविरुद्ध मानला होता, हे यातून स्पष्टच दिसतं. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हे कलम वैध ठरवलं. 27 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केलं आणि त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. नवरा हा बायकोचा मालक नाही, असं सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांनी त्या निकालात लिहिलं.

म्हणजे मालकी कायद्यातून बरीचशी पुसली गेली ती परवा-परवा. घरातली सवय तेवढ्यात जाईल कशी? सिनेमातल्या नायकाने मागे मागे फिरून होकार मिळवणं आपण पिढ्यान्‌पिढ्या प्रेम म्हणून पाहत आलो. त्या वागण्याला कायद्यात पाठलागाचा गुन्हा हे नाव 2013 मध्ये मिळालं. बाईने नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क साधणं आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं त्यात येतं. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते आता कलम 78 आहे.

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. त्याच्या नियमांसोबत घटनेच्या अहवालाचा एक नमुना आहे. त्यात मारहाणीच्या रकान्यांबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळाची यादी येते: घराबाहेर जाऊ न देणं, ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं, नोकरी करू न देणं. गप्पांत ‘पझेसिव्ह’ म्हणून कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथे सरकारी कागदावर छळ म्हणून छापलेल्या आहेत. पत्नीबरोबरच लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदार आणि माहेरी राहणारी मुलगीसुद्धा या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करून हा अहवाल नोंदवून घेऊ शकते. महिला हेल्पलाइनचा क्रमांक 181 आहे.