रॉइस घराणे : राज्यकर्त्यांचा वारसाक्रम

मध्य जर्मनीत, आजच्या थुरिंगियाच्या पूर्व भागात, १९१८ पर्यंत राज्य करणारे सरदारकुळातील राजघराणे. ग्राइट्स व गेरा ही त्याच्या दोन राज्यांची मुख्य ठाणी. घराण्यातील प्रत्येक मुलाचे नाव हाइन्रिख ठेवण्याची प्रथा असल्याने येथील वारसाक्रम नावांवरून लावता येत नाही. तो क्रमांकांवरून लावावा लागतो. हा क्रमांक जन्माचा असतो, गादीवर बसण्याचा नव्हे. इंग्लंड-फ्रान्सच्या राजांची सवय असलेला वाचक हाइन्रिख ६७ वा याच्यापूर्वी सहासष्ट राजे झाले असे धरून चालतो आणि तेथेच चुकतो.

उगम : घराण्याचा मूळपुरुष म्हणून वाइडाचा एर्केनबर्ट याचे नाव घेतले जाते. ११२२ च्या एका दस्तऐवजात तो साक्षीदार म्हणून येतो. पुढच्या वंशजांशी त्याचे नाते मात्र सलग पुराव्याने जोडता येत नाही. हे कुळ सम्राटाच्या वतीने मुलूख सांभाळणाऱ्या फोग्ट या अधिकाऱ्यांचे होते व फोग्टलांड हे प्रदेशनाम त्या पदावरूनच पडले. वाइडा, गेरा व प्लाउएन अशा त्याच्या शाखा झाल्या. १३५४–५७ च्या फोग्टलांड युद्धात शेजारच्या, पुढे सॅक्सनीवर राज्य करणाऱ्या वेटीन घराण्याने त्यांचा बराच मुलूख घेतला.

हाइन्रिख या एकाच नावाचा आग्रह कशातून आला, याबद्दल मतभेद आहेत. सम्राट हाइन्रिख ६ वा (सम्राटपद ११९१–९७) याने वाइडाकरांवर केलेल्या कृपेची आठवण म्हणून हे नाव घेतले, असे परंपरा सांगते. पण वंशावळी पाहता कुळात हे नाव त्याच्या सम्राटपदाआधीपासून असावे. तेव्हा कृपेमुळे नाव आले म्हणण्यापेक्षा आधीच्या नावाला कृपेची कथा पुढे चिकटली, हे अधिक संभवते. ‘रॉइस’ हे उपनाम रुथेनियाशी, म्हणजे पूर्वेकडील रशियन मुलखाशी जोडलेले आहे. १३ व्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास प्लाउएन शाखेतील एका हाइन्रिखला ते मिळाले. गालिसियाच्या राजकुळाशी आलेला विवाहसंबंध हे त्याचे कारण, असे एक मत. पूर्वेतील दीर्घ वास्तव्य हे कारण, असे दुसरे. बहुतेक अभ्यासकांचा कल पहिल्या मताकडे आहे.

प्लाउएन शाखा १३०६ च्या सुमारास दुभंगली. थोरल्या पातीतील पुरुष पुढे माइसेनचे बुर्गग्राफ (किल्ल्याचे अधिपती) झाले व ती पाती १५७२ मध्ये खुंटली. धाकटी पाती ग्राइट्सची. रॉइस हे उपनाम तिच्याकडे राहिले.

वाटण्या : १५६४ मध्ये तिघा भावांनी मुलूख वाटून घेतला. थोरला, मधला व धाकटा अशी त्यांची बिरुदे होती आणि ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ ही शाखांची नावे त्यांवरूनच रूढ झाली. मध्यम शाखा १६१६ मध्ये संपली व तिचा मुलूख उरलेल्या दोघींत वाटला गेला. वंशावळींत या तिघांना १४ वा, १५ वा व १६ वा हे क्रमांक दिलेले असतात. १६ व्याचा मुलगा मात्र हाइन्रिख २ रा (१५७२–१६३५). बाप वारल्यावर दोन महिन्यांनी जन्मल्यामुळे त्याला ‘पोस्टुमुस’ म्हणत. गेऱ्याची विद्याशाळा (१६०८) त्याची. त्याच्या अंत्यविधीसाठी संगीतकार हाइन्रिख श्युट्स याने रचना केली; तिच्या पहिल्या भागातील वचने शवपेटीवर कोरलेली होती. या काळातले क्रमांक बहुतांशी मागाहून, वंशावळीकारांनी घातलेले असल्यामुळे ग्रंथागणिक बदलतात. म्हणून १६६८ पूर्वीच्या व्यक्तीचा नुसता क्रमांक पुरेसा धरू नये. बिरुद व मृत्युवर्ष ताडून पाहावे.

क्रमांकांची पद्धत : १६६८ च्या कुळनियमाने हाइन्रिख हे नाव व त्यापुढील क्रमांक बंधनकारक झाले. क्रमांक जन्मताच मिळे. मूल महिन्याभरात गेले तरी तो पुन्हा कोणाला दिला जात नसे. ज्येष्ठ शाखेत शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरुवात करायची, असे ठरले होते. ती वेळ आलीच नाही. या शाखेची मालिका १६९३ मध्ये जन्मलेल्या पहिल्यापासून १८७८ मध्ये जन्मलेल्या २४ व्यापर्यंतच गेली. कनिष्ठ शाखेत नवी मोजणी शतकागणिक होई : १६९५ ते १८०० या काळात १ ते ७५, १८०३ ते १८९७ या काळात १ ते ४७. पहिली मालिका १७०१ च्या आधीच सुरू झालेली असल्याने शतकाची सीमा काटेकोर नव्हती, हे उघड आहे.

कनिष्ठ शाखेचे आकडे एवढे फुगले, कारण गेरा, श्लाइत्स, लोबेनश्टाइन, एबर्सडॉर्फ व क्योस्ट्रित्स या तिच्या सर्व उपशाखांची मोजणी एकत्र चाले. श्लाइत्सचे दोन सख्खे भाऊ पाहा. थोरला ६२ वा (जन्म १७८५), धाकटा ६७ वा (जन्म १७८९). मधल्या क्रमांकांपैकी ६३ वा (१७८६) व ६४ वा (१७८७) हे दोघे क्योस्ट्रित्सचे.

घोटाळा होतो तो मालिका उलटताना. ६७ व्यानंतर त्याचा मुलगा १४ वा (जन्म १८३२) गादीवर आला, कारण तो पुढच्या मालिकेतला. शिवाय एकाच क्रमांकाचे दोघे एकाच वेळी हयात असू शकत : ग्राइट्सचा शेवटचा राजा २४ वा (१८७८–१९२७) आणि क्योस्ट्रित्सचा संगीतकार २४ वा (१८५५–१९१०). तेव्हा नोंद लावताना आधी शाखा, मग उपशाखा, मग जन्मवर्ष व शेवटी क्रमांक पाहावा. उलट क्रमाने गेल्यास चूक ठरलेलीच.

ज्येष्ठ शाखेचे राज्यकर्ते : १६९० च्या सुमारास ज्येष्ठाधिकार मान्य होईपर्यंत वाटण्या चालूच होत्या आणि ओबरग्राइट्स व उंटरग्राइट्स ही वेगळी संस्थाने होती. ११ वा (१७२२–१८००) वर्षभराचा असताना ओबरग्राइट्सच्या गादीवर आला. १७६८ मध्ये उंटरग्राइट्सची पाती खुंटल्यावर त्याने दोन्ही भाग एकत्र केले आणि १७७८ मध्ये सम्राटाकडून फ्युर्स्ट (संस्थानाधिपती) ही पदवी मिळवली. त्याच्यामागून १३ वा (१८००–१७), १९ वा (१८१७–३६), त्याचा भाऊ २० वा (१८३६–५९) व २२ वा (१८५९–१९०२). २२ वा अज्ञान असताना आई कारोलिना कारभार पाहत होती. १८६६ मध्ये तिने ऑस्ट्रियाची बाजू घेतली, तेव्हा प्रशियाचे सैन्य ग्राइट्समध्ये शिरले व राज्याला दंड भरावा लागला. २२ व्याला पाच मुली व एकच मुलगा. मुलींना गादीचा हक्क नव्हता. मुलगा २४ वा बालपणापासून कारभारास असमर्थ, म्हणून १९०२ पासून कनिष्ठ शाखेचा १४ वा व १९०८ पासून त्याचा मुलगा २७ वा यांनी राज्यप्रतिनिधी म्हणून काम पाहिले. मुलींपैकी हेर्मीना हिने १९२२ मध्ये पदच्युत कैसर विल्हेल्म २ रा याच्याशी विवाह केला.

कनिष्ठ शाखा : गेऱ्याची पाती १८०२ मध्ये संपली. श्लाइत्स व एबर्सडॉर्फ यांना फ्युर्स्टपद १८०६ मध्ये मिळाले. १८२४ मध्ये लोबेनश्टाइन एबर्सडॉर्फकडे गेले. तेथील ७२ वा १८४८ च्या क्रांतीत पायउतार झाला, तेव्हा सारा मुलूख श्लाइत्सच्या ६२ व्याकडे आला. पुढे ६७ वा (१८५४–६७), १४ वा (१८६७–१९१३) व २७ वा (१९१३–१८).

नोव्हेंबर १९१८ मध्ये दोन्ही राज्ये संपली. १९१९ मध्ये त्यांचे एक लोकराज्य झाले व १ मे १९२० रोजी ते थुरिंगियात विलीन झाले. १९२७ मध्ये ज्येष्ठ शाखा निर्वंश झाली. २७ व्याचा मुलगा ४५ वा (जन्म १८९५) याला १९४५ मध्ये सोव्हिएट अधिकाऱ्यांनी पकडून नेले. १९६२ मध्ये तो मृत घोषित झाला. त्यानंतरचे सर्व रॉइस ज्या क्योस्ट्रित्स उपशाखेचे आहेत तिला स्वतंत्र राज्य कधीच नव्हते. तिने १९१० पासून तिसरी मालिका चालवली; १९९७ पर्यंत ती २९ वर पोहोचली होती.