आठ बाइट कमी पडतात तेव्हा

लिनक्सवर घरचं ब्रॉडबँड चालू करायचं म्हणजे काळ्या पडद्यावर काहीतरी गूढ टाइप करत बसायचं, हा समज जुना आहे आणि एके काळी तो खोटाही नव्हता. तेव्हा यूएसबीच्या खाचेत लावायचे डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारे, मोडेम मिळत. त्यांचा ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्राम) बहुधा दुसऱ्याच कार्यप्रणालीसाठी लिहिलेला असे, मग लिनक्सवाल्याने करायचं काय? जाणकार एकच सल्ला देत: इथरनेटची तार लागणारा मोडेम घ्या. इथरनेट हे सर्वांसाठी खुलं मानक आहे. पलीकडचं यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, तारेवरची भाषा तीच.

आज बहुतेक घरांत इंटरनेट देणाऱ्या कंपनीशी बोलायचं काम राउटरच करतो. संगणकाने त्याच्याकडून फक्त नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, मागून घ्यायचा. ही मागणी डीएचसीपी या पद्धतीने होते आणि चार निरोपांत संपते. ‘कुणी पत्ता देता का?’ ‘हा १९२.१६८.१.२३ रिकामा आहे.’ ‘तोच घेऊ?’ ‘घे, पण ठराविक वेळापुरता.’ नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम हे सगळं आपल्याला न विचारता उरकतो. तार लावली की झालं.

मोडेम नुसत्या ‘ब्रिज’सारखा चालत असेल, म्हणजे इकडचं तिकडे पोहोचवण्यापलीकडे काही करत नसेल, तर मात्र कंपनीच्या दारात संगणकालाच उभं राहावं लागतं. तिथे गाठ पडते पीपीपीओई, म्हणजे ‘इथरनेटवरून पीपीपी’, या अवघड नावाच्या पद्धतीशी. नावामागचा इतिहास मजेशीर आहे. फोन फिरवून इंटरनेट लावायच्या दिवसांत पीपीपी नावाची पद्धत होती: नाव सांगा, पासवर्ड सांगा, पत्ता घ्या. कंपन्यांची बिलं आणि खाती त्यावरच बेतलेली होती. पुढे ब्रॉडबँड आलं. इथरनेटला तर लॉगिन ही कल्पनाच ठाऊक नाही. जुनी हिशेबपद्धत मोडण्यापेक्षा जुनी चिठ्ठी नव्या पाकिटात घालावी, असा तोडगा निघाला आणि तो १९९९ साली लिहून प्रसिद्ध झाला. तात्पुरती वाटणारी सोय पुढे किती वर्षं पुरते, याचा हा उत्तम नमुना. फायबर आलं तरी अनेक कंपन्या हीच पद्धत वापरतात. म्हणूनच फायबरची जोडणी असली तरी नेटवर्क मॅनेजरमध्ये ‘डीएसएल’ हाच प्रकार निवडावा लागतो.

आत घडतं ते असं. संगणक तारेवर हाळी देतो: कुणी सेवा देणारं आहे का? कंपनीचं यंत्र ओ देतं. मग दोघांत एक सत्र-क्रमांक ठरतो आणि त्यानंतर ओळख पटवली जाते. पॅप पद्धतीत पासवर्ड जसाच्या तसा जातो. चॅप पद्धतीत कंपनी एक कोडं घालते. संगणक कोडं आणि पासवर्ड मिळून एक सांकेतिक उत्तर काढतो आणि फक्त ते पाठवतो. पासवर्ड तारेवर येतच नाही. सगळं जमलं की ‘पीपीपी०’ नावाचा नवा इंटरफेस (नेटवर्कशी जोडणारं दार) उगवतो आणि बाहेरचा आयपी पत्ता त्याला मिळतो. मूळ इथरनेट कार्डाला पत्ता लागतच नाही. तिथे ‘पत्ता का नाही’ म्हणून शोधत बसणं ही नवख्याची ठरलेली चूक.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. इथरनेटच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. पीपीपीओईची चिठ्ठी त्यातले ६ खाते, पीपीपीची २. उरतात १४९२. आठच बाइट गेले, त्यात काय मोठं? पण समजा, लॉगिन राउटर करतोय आणि त्याच्यामागे आपला संगणक आहे. संगणकाच्या लेखी १५०० चं पाकीट चालतं, म्हणून तो दूरच्या सर्व्हरला तसंच कळवतो. सर्व्हर भरगच्च पाकिटं धाडतो. ती कंपनीच्या यंत्रापाशी अडतात आणि ते यंत्र सर्व्हरला ‘लहान पाठव’ असा निरोप देतं. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने (येणारंजाणारं तपासणाऱ्या पहारेकऱ्याने) असे निरोप सरसकट अडवले असतील, तर तो सर्व्हरला कधीच मिळत नाही. सर्व्हर तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

लक्षणं चक्रावून टाकणारी असतात. मोडेमचे दिवे हिरवे, पिंगला (पलीकडचं यंत्र ओ देतं का, हे पाहायच्या हाकेला) उत्तर येतं, काही साइट झटक्यात उघडतात आणि एखादी मात्र ‘जोडलं’ म्हणून गप्प बसते. लहान पाकिटं जातात, मोठी हरवतात. माणूस ब्राउझर बदलतो, मग कार्यप्रणालीला दोष देतो. (मीही दिला आहे, दोन संध्याकाळी खर्चून.)

तपास मात्र सोपा आहे. पाकिटाचे तुकडे करू नयेत, अशी सूचना पिंगला देता येते आणि आकारही सांगता येतो. १४६४ बाइटांचा मजकूर पाठवा. त्यावर पिंगचं ८ आणि आयपीचं २० बाइटांचं शीर्षक चढलं की बरोबर १४९२ होतात. १४६४ ला उत्तर आलं आणि १४६५ ला ‘फार मोठं’ अशी तक्रार आली, तर आठ बाइट कुठे गेले ते कळलं. मग दोन वाटा आहेत. संगणकाच्या इंटरफेसची एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२ करायची, म्हणजे तो सर्व्हरला पहिल्यापासूनच लहान आकार सांगेल. नाहीतर राउटरलाच तशी दुरुस्ती करायला लावायची: जोडणी सुरू होताना जाणाऱ्या निरोपातला टीसीपीच्या (मजकूर तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीच्या) तुकड्याचा १४६० हा आकडा तो जाता जाता १४५२ करतो. दुसरी वाट बरी, कारण घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळं शिकवावं लागत नाही. जुना संगणक लिनक्स घालून राउटर म्हणून वापरत असाल, तर फायरवॉलमधला एकच नियम एवढ्याला पुरतो.