रस्त्याचे उरलेले आयुष्य

जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक डांबरी रस्त्यावरून जातो, तेव्हा चाकाखालचा रस्ता किंचित वाकतो आणि चाक पुढे सरकताच पुन्हा वर येतो. धडधाकट रस्त्यात हे वाकणे मिलिमीटरच्या काही दशांशांएवढेच असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. पण रस्ता आणखी किती वर्षे टिकेल, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या वाकण्यातच दडलेले असते. खड्डा दिसला की रस्ता खराब झाला असे आपण म्हणतो. वास्तविक खड्डा हे दुखण्याचे उशिराचे लक्षण असते, आणि दुखणे बहुधा त्याआधीच खालच्या थरांत मुरलेले असते.

वाकणे मोजण्याचे जुने साधन म्हणजे बेंकेलमन बीम. १९५०च्या दशकात अमेरिकेत तयार झालेली ही एक साधी तरफ आहे. तिचे टोक ट्रकच्या मागच्या जोडचाकांमधील फटीत रस्त्यावर टेकवतात, ट्रक सावकाश पुढे नेतात आणि भार हटल्यावर रस्ता किती वर आला ते मोजतात. आता हेच काम ‘फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर’ हे यंत्र करते. त्यात ठरावीक उंचीवरून सोडलेले वजन रस्त्यावर टेकवलेल्या गोल तबकडीवर आदळते, धावत्या चाकासारखा धक्का काही मिलिसेकंद बसतो आणि तबकडीपासून ओळीने मांडलेले संवेदक रस्ता कुठे किती दबला हे मायक्रॉनमध्ये नोंदवतात. भार खोल जाताना पसरत जातो. म्हणून तबकडीपासून दूरच्या संवेदकाला जाणवणारी हालचाल मुख्यतः तळाच्या मातीची असते, तर जवळच्या नोंदींत वरच्या थरांचाही वाटा मिसळलेला असतो. या नोंदींवरून प्रत्येक थराचा ताठपणा गणिताने काढता येतो आणि रस्ता आणखी किती आसभार, म्हणजे वाहनांच्या एकेका आसावरून येणारे भार, सोसेल याचा अंदाज बांधता येतो.

आयुष्य वर्षांपेक्षा आसभारांत मोजण्याला कारण आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले की, रस्त्याची हानी आसभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे ८ टनांऐवजी १० टनांचा आस गेला तर भार सव्वापट होतो, पण हानी जवळजवळ अडीचपट होते. चाकोरी २० मिलिमीटर खोल झाली किंवा २० टक्के भागावर भेगा पडल्या की डांबरी रस्ता निकामी झाला, असे मोठ्या वाहतुकीच्या रस्त्यांसाठी आपल्याकडे ढोबळमानाने धरले जाते. चाकोरी, भेगा आणि उंचसखलपणा या गोष्टी लेझर व कॅमेरे बसवलेली गाडी चालता चालता नोंदवते.

कोकणात मात्र या साऱ्या मोजमापाला पावसाचा संदर्भ हवाच. येथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भेगांतून आणि बाजूपट्टीतून शिरलेले पाणी खडीवरची डांबराची पकड सोडवते व तळाची माती मऊ करते. एरवी सोसला जाणारा तोच ट्रक मग रस्त्याला अधिक वाकवतो. त्यामुळे बेंकेलमन बीमची मोजणी शक्यतो पावसाळा संपताच, माती सर्वांत दुबळी असताना करावी, असे सांगितले जाते. मे महिन्यातील वाळलेल्या मातीवरची नोंद दुरुस्तीविना वापरली, तर रस्ता आहे त्यापेक्षा तगडा दिसेल. उष्णतेने डांबर मऊ पडते, म्हणून नोंदी ३५ अंश सेल्सिअसच्या हिशेबात आणाव्या लागतात. माझ्या मते आपल्या घाटरस्त्यांवर या आकड्यांइतकेच महत्त्व तुंबलेल्या मोरीच्या आणि बुजलेल्या गटाराच्या नोंदीला द्यायला हवे, कारण डोंगराकडून येणारे पाणी भरावात शिरले तर वरचा नवा थरही फार काळ टिकत नाही.

मुंबई-गोवा महामार्गाचा मोठा भाग आता काँक्रीटचा आहे. तेथे दुखणे बहुधा काँक्रीटच्या लाद्यांमधील सांध्यांपाशी सुरू होते. सांध्याच्या एका बाजूला वजन टाकल्यावर दुसरी बाजूही जवळजवळ तेवढीच दबली, तर भार नीट वाटला जात आहे. ती तशीच राहिली, तर आतल्या सळया किंवा खालचा आधार कमकुवत झालेला असू शकतो. अशा सांध्यावरून ओल्या दिवसांत जड वाहने गेली की लादीखालचे पाणी बारीक माती घेऊन वर उसळते. पावसाची सर ओसरल्यावर सांध्यालगत दिसणारा तांबूस गाळाचा पट्टा ही त्याची खूण असू शकते, आणि ती रस्त्याकडेच्या कोणालाही यंत्राविना पाहता येते.