गप्प झालेलं मूल शांत झालेलं असतंच असं नाही

जूनमध्ये गावी गेले होते तेव्हा भाचीला अंगणवाडीत सोडायचं काम माझ्याकडे आलं. साडेतीन वर्षांची आहे. दारात पोचल्यावर तिने माझी ओढणी मुठीत धरली ती सोडेचना, रडून रडून नाक लाल. शेजारच्या आजी म्हणाल्या, "तू जा गं, लक्ष नको देऊ, रडून रडून होईल गप्प." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हेही माहितीये, पण त्यात एक मोठा गैरसमज आहे. गप्प होणं वेगळं आणि शांत होणं वेगळं.

हे मोजता येतं. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं, ताण आला की वाढणारं हार्मोन असतं, ते सकाळी जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरत जातं. मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गन्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसभर पाळणाघरात राहणाऱ्या छोट्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल तपासलं, तर बऱ्याच मुलांमध्ये ते दुपारी उतरायच्या ऐवजी चढलेलं दिसलं, आणि तीच मुलं घरी असली की मात्र नेहमीसारखं उतरायचं. म्हणजे बाहेरून बघाल तर मूल रडत नाहीये, पण आत शरीर अजून सावधच बसलंय. यातली आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की सांभाळणारी व्यक्ती सारखी दटावणारी, ओढाताण करणारी असेल तिथे ही वाढ जास्त दिसली.

आता आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी काय केलं ते सांगते. त्यांनी रजिस्टर बाजूला ठेवलं, थेट जमिनीवर बसल्या, खांदे सैल सोडले आणि तोंडाने एक लांब श्वास सोडला. मग हळू आवाजात विचारलं, "आत्या चालली म्हणून हिरमुसलीस ना?" पोरीने हुंदके देतच मान हलवली. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, फिरवला वगैरे नाही, नुसता ठेवला. पाच-सात मिनिटांत मूठ सुटली. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की आधी स्वतःकडे बघा, मग मुलाकडे.

तो लांब श्वास बघून मला राहवेना, कारण त्यामागचं विज्ञान माझं फार आवडतं आहे. आत्ता वाचता वाचता मनगटावरची नाडी धरा. हळू श्वास घ्या आणि त्याच्या दुप्पट वेळ सोडा. घेताना ठोके थोडे जवळजवळ येतात, सोडताना लांबतात, दोन-चार वेळा केलं की बऱ्याच जणांना बोटाला कळतं. असं का? हृदयाच्या उजव्या कर्णिकेत, म्हणजे वरच्या कप्प्यात, पेशींची एक छोटी गाठ असते, ती स्वतःच्या मर्जीने मिनिटाला साधारण १०० ठोके देते. पण शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे ठोके ६० ते ८० च्या आसपास असतात, कारण मेंदूतून निघणारी व्हेगस नर्व्ह त्या गाठीवर सतत ब्रेक दाबून ठेवते. हा ब्रेक म्हणजे ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. ते गाठीच्या पेशींवर पडलं की पेशींची पोटॅशियमची दारं उघडतात, धन भार बाहेर जातो, आणि पेशीला पुढच्या ठोक्यासाठी लागणारा व्होल्टेज गाठायला जास्त वेळ लागतो. श्वास घेताना मेंदू हा ब्रेक थोडा सैल करतो, सोडताना परत दाबतो. आणि ब्रेक दाबला की परिणाम एका सेकंदाच्या आत दिसतो! उलट बाजूची, म्हणजे हृदय पळवणारी सिंपथेटिक यंत्रणा मात्र सुरू व्हायला काही सेकंद घेते आणि ओसरायला त्याहून जास्त.

हे रसायनाचं काम आहे हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये दाखवलं. बेडकाची दोन हृदयं घेतली, पहिल्याची व्हेगस चेतवून ठोके मंद केले, मग त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंद झालं. १९३६ मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

मग ताईंचा श्वास पोरीपर्यंत पोचतो कसा? द्रव देऊन अर्थातच नाही. आवाजाची पट्टी, चेहऱ्याचे स्नायू, हाताचा स्पर्श यातून पोचतो. २०१४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, त्यात आयांना बाळापासून दूर नेऊन तणाव येईल असं भाषण करायला लावलं आणि मग बाळ परत मांडीवर दिलं. आईवरचा ताण जसा होता तशी बाळाच्या हृदयाची प्रतिक्रिया बदलत गेली, आणि ही बाळं जेमतेम वर्षा-सव्वा वर्षाची. साडेतीन वर्षांच्या पोरीकडे स्वतःचा राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चाच असतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशी येते, तोवर ती मोठ्यांची शांतता उसनी घेते.

"हिरमुसलीस ना" या शब्दाचंही काम आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात भावनेला नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, हालचाल कमी झालेली दिसली. तो अभ्यास मोठ्या माणसांवरचा, फोटो दाखवून केलेला, त्यामुळे मुलांना जसाच्या तसा लावू नका. पण आपल्या मराठीत बघा ना किती शब्द आहेत, रुसणं, फुरंगटणं, खट्टू होणं, भेदरणं, वैतागणं, ओशाळणं, आणि आपण मुलाला देतो एकच, "रडू नको". ट्रेनिंगमध्ये या शब्दांचा सराव करून घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

एक सावधगिरीही सांगते. भावना ओळखण्या-सांभाळण्याच्या या कौशल्याला भावनिक बुद्धिमत्ता किंवा ईक्यू म्हणतात. ही कल्पना सालोव्हे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये नीट मांडली, पुढे ती गाजली आणि "यशात ८० टक्के वाटा ईक्यूचा" असं वाक्य सगळीकडे फिरायला लागलं. त्याला आधार नाही. बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असं ही कल्पना पुस्तकातून लोकप्रिय करणाऱ्या डॅनियल गोलमन यांनी म्हटलं होतं, उरलेलं सगळं लोकांनी परस्पर ईक्यूच्या नावावर करून टाकलं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे "मिडब्रेन" क्लास तर शुद्ध फसवणूक आहे, त्यात हजारो रुपये घालवू नका.

अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि तिच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली होती. आज सेविकेकडे शिकवण्याबरोबर वजनं, लसीकरणाच्या याद्या, आहारवाटप, मोबाईलवर भरायची माहिती हे सगळं आहे. श्वासाचं तंत्र शिकवून तो भार कमी होत नाही. निघताना ताईंना विचारलं, रोज जमतं का हे? म्हणाल्या, मदतनीस रजेवर असली की खिचडी, दार आणि पंचवीस पोरं एकटीने बघावी लागतात, त्या दिवशी श्वास सोडायचं लक्षातच राहत नाही.