समुद्राच्या तळातल्या डोंगरांना नाव देतं कोण?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की हिंदी महासागराच्या तळावरच्या तीन जागांना अशोक सीमाउंट, चंद्रगुप्त रिज आणि कल्पतरू रिज ही नावं अधिकृतपणे मिळाली (सीमाउंट म्हणजे पाण्याखालचा डोंगर, रिज म्हणजे पाण्याखालची डोंगररांग). आमच्या वाशी-बेलापूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर ती दिवसभर फॉरवर्ड होत होती, पण ही नावं मंजूर कोण करतं आणि आपली नावं तिथे इतकी कमी का, हे काही कुणी सांगत नव्हतं, म्हणून जरा मागे जाऊन लिहितोय.

दीडशे वर्षांपूर्वी खोली मोजायची म्हणजे जड वजन बांधलेला दोर बोटीवरून सोडायचा. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असायची, तिला चिकटून वाळू येते की चिखल हे बघून तळ कसा आहे ते कळायचं. खोल समुद्रात अशा एकेका मोजणीत तास जायचे, त्यामुळे आकडे फार थोडे जमायचे आणि मधली सगळी जागा अंदाजाने भरली जायची. त्यात ज्याची बोट त्याचं नाव, एकाच उंचवट्याला दोन देशांच्या नकाशांवर दोन नावं. हा गोंधळ मिटवावा म्हणून १८९९ मध्ये बर्लिनच्या भूगोल परिषदेने एक आयोग नेमला, आणि १९०३ मध्ये मोनॅकोचे प्रिन्स अल्बर्ट पहिले यांनी स्वतः पैसे घालून अख्ख्या जगाच्या समुद्रतळाचा २४ पानांचा नकाशा करायला घेतला. जेब्को म्हणतात तो हाच प्रकल्प, अजूनही चालू आहे.

नाव मिळायचं ते मात्र खर्च करणाऱ्याला. आपल्या अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रिज हे नाव डेन्मार्कच्या बिअर कंपनीच्या फाउंडेशनवरून आलंय, कारण १९२८-३० च्या त्या देशाच्या डाना मोहिमेला पैसा तिथून आला होता. मरे रिजचंही तसंच, समुद्रशास्त्रज्ञ सर जॉन मरे यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ ची मोहीम निघाली, जहाज इजिप्तचं होतं पण नाव लागलं मरेंचं. मला यात राग धरण्यासारखं काही वाटत नाही, त्या लोकांनी खरंच मोजलं होतं, पण किनारा आपला असून आपण तिथे कुठेच नव्हतो हे मात्र टोचतं.

आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारी यंत्रं पुढे सर्रास वापरात आली, आकड्यांचा पूर आला आणि नावांचा घोळ परत वाढला. म्हणून १९७५ मध्ये जेब्कोखाली नावांसाठी वेगळी समिती झाली, स्कुफन. तिच्याकडे नाव पाठवायचं तर जागेचे अक्षांश-रेखांश, खोलीचा नकाशा, जहाज कुठून कुठून फिरलं ते आणि हेच नाव का, हे सगळं द्यावं लागतं. जिवंत माणसाचं नाव सहसा चालत नाही. थोडक्यात काय, मोजणी नाही तर नाव नाही.

आपल्याकडे खरा फरक पडला तो १९८३ मध्ये सागर कन्या हे संशोधन जहाज आल्यावर. १९९१ मध्ये त्याच जहाजाच्या नावाचा सीमाउंट मंजूर झाला, मग १९९२-९३ मध्ये रमण, पणिक्कर आणि वाडिया ही नावं लागली. पणिक्कर म्हणजे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक, वाडिया भूगर्भशास्त्रज्ञ, आणि रमण कोण ते सांगायला नको. ही तिन्ही शिखरं मुंबईच्या नैर्ऋत्येला, लक्ष्मी बेसिन नावाच्या समुद्रतळाच्या खोलगट भागात आहेत, म्हणजे एका अर्थाने आपल्या समोरच. २०२४ च्या तीन नावांपैकी अशोक सीमाउंट २०१२ मध्ये रशियन जहाज वापरून सापडला, आकार सुमारे १८० चौरस किलोमीटर. चंद्रगुप्त रिज २०२० मधली, ती ६७५ चौरस किलोमीटर भरते.

आता आपल्या ठाण्याच्या खाडीचं. स्कुफन मुख्यतः किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या, पलीकडचं बघतं, आतलं ज्या-त्या देशाचं. आपल्याकडे समुद्री नकाशांचं काम नौदलाचं जलसर्वेक्षण खातं करतं, त्यांचं ऑफिस चक्क डेहराडूनला आहे. दिवाळे, सारसोळे, चेंदणीच्या जुन्या कोळी माणसांना जाळं कुठे अडकतं, पाण्याखाली खडक कुठे, भरतीला होडी कुठून न्यायची हे तोंडपाठ असतं आणि त्या जागांना त्यांची स्वतःची नावंही असतात. भराव, पूल आणि गाळ यांनी खाडीचा तळ बदलत चाललाय, त्या नावांनी हाक मारणारी माणसंही कमी होतायत, तेव्हा कुठल्यातरी कॉलेजच्या भूगोल विभागाने मोबाईलचं जीपीएस घेऊन या मंडळींबरोबर होडीत बसावं, जागा आणि नाव दोन्ही लिहून घ्यावं आणि ती यादी डेहराडूनला पाठवावी, एवढं तर याच वर्षी होऊ शकतं.